दिरेक्त्वार शैली

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्ये रूढ झालेली गृहसजावट, फर्निचर व वेशभूषा यांतील एक नव-अभिजात शैली. १७९५ ते १७९९ या काळात फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या पाच सदस्यांच्या ‘दिरेक्त्वार’ (संचालक मंडळ) या कार्यकारी मंडळावरून तिला हे नाव मिळाले; तथापि तिची लक्षणे सु. १७९३ पासून १८०४ पर्यंत आढळतात. सोळाव्या लुईच्या काळातील शैली व नेपोलियनकालीन एम्पायर शैली यांमधील ती दुवा होय.

अठराव्या शतकाच्या मध्यास हर्क्युलेनियम व पाँपेई येथे झालेल्या उत्खननांमुळे प्राचीन ग्रीक-रोमन घाटांची गोडी यूरोपात वाढली होती. चित्रकार झाक ल्वी दाव्हीद याने क्रांतीपूर्वीच झॉर्झ झाकॉब या कारागिराकडून आपल्या चित्रशाळेसाठी प्राचीन धर्तीचे फर्निचर करवून घेतले होते. क्रांतीने या अभिरुचीला राजकीय अर्थ दिला : रोमन प्रजासत्ताक हा नव्या राज्याचा आदर्श ठरला. १७९१ मध्ये कारागिरांच्या श्रेणी रद्द झाल्या, सरदार आश्रयदाते परागंदा झाले आणि पैशाची चणचण भासू लागली. या शैलीचा साधेपणा काही अंशी तत्त्वाचा, काही अंशी टंचाईचा आहे, हे विसरता येत नाही. मागे वळलेल्या पाठीच्या खुर्च्या, निमुळते पाय, समचतुर्भुजाकृती नक्षी, स्वातंत्र्याची टोपी व दंडांची जुडी ही तिची वैशिष्ट्ये. १७९८ च्या ईजिप्त-मोहिमेनंतर त्यांत स्फिंक्ससारख्या आकृतींची भर पडली.

वेशभूषेत झालेला पालट अधिक मूलगामी होता. पूर्वी वस्त्रावरून माणसाचा दर्जा ओळखला जाई. ऑक्टोबर १७९३ मध्ये कोणालाही विशिष्ट पोशाखाची सक्ती करता येणार नाही, असे राष्ट्रीय कन्व्हेन्शनने जाहीर केले. स्त्रियांनी आवळ चोळ्या व घेरदार सांगाडे टाकून छातीखाली बांधलेला, सरळ पायघोळ, पांढरा झगा स्वीकारला. ग्रीक पुतळ्यांवरील चुण्यांचे हे अनुकरण होते. पुतळ्यांवरील मूळ रंग काळाच्या ओघात उडाले होते. त्यामुळे प्राचीनांचा वेश पांढराच असावा, ही समजूत बळावली. झग्याला खिसा लपविण्यास जागा न उरल्याने हातात लहान पिशवी आली. तेरेझा ताल्यँ व झ्यूल्येत रेकाम्ये या या फॅशनच्या अग्रणी होत. दाव्हीदने १८०० मध्ये रंगविलेले रेकाम्येचे अपूर्ण व्यक्तिचित्र तिचा उत्तम नमुना आहे.

या ग्रीक वेशाचे उत्तम कापड मात्र भारतीय होते. झग्यासाठी तलम मलमल लागे आणि तिचे सर्वश्रेष्ठ प्रकार डाक्क्याच्या हातमागांवर विणले जात. थंडीच्या निवारणासाठी वर काश्मिरी शाल घेतली जाई. बंगाल त्या वेळी फ्रान्सच्या शत्रूच्या, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यात होता. सुती वस्त्राच्या या आवडीची झळ ल्यों येथील रेशीम विणकरांना बसली. नेपोलियनने पुढे दरबारी वेशात रेशमाचा आग्रह धरला व १८०६ मध्ये परदेशी मलमलीच्या आयातीवर बंदी घातली. डाक्क्याच्या विणकरांवर त्यापूर्वीच इंग्लंडमधील गिरण्यांच्या स्वस्त मलमलीचे संकट आले होते.

मुंबईच्या टाउन हॉलचे (१८३३) डॉरिक स्तंभ हे याच प्राचीनतेच्या ओढीचे, परंतु इंग्लंडमार्गे आलेले उदाहरण होय.