नाना-नानींना पुढे चालू द्या

सुटीत नातवंडे जमली की औरंगाबादच्या घराघरांत एक बेत हमखास ठरतो, मकबरा पाहायला जायचे. मुले हौदापाशी फोटो काढतात, ‘हा ताजमहालसारखा आहे’ एवढे ऐकतात आणि परत येतात. नाना-नानी बाकावर पिशव्या सांभाळत बसतात. माझे म्हणणे उलटे आहे. या फेरीत पुढे चालायचे ते नाना-नानींनी, पिशव्या आपण आई-बापांनी घ्याव्यात.

सुरुवात पाणचक्कीपासून करावी. अस्रच्या नमाजनंतर ऊन उतरते आणि पाण्याजवळ मुले आपोआप रमतात. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की अठराव्या शतकातली. काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणले, उंच भिंतीत चढवले आणि तिथून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि दर्ग्यात उतरलेल्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघायचे. पंप नसताना पाणी वर चढले कसे? एवढे विचारून आपण गप्प बसावे. आमच्या पाच मुलांनी पाच उत्तरे दिली. सातवीतल्या भाचीचे बरोबर निघाले: उंचावरून निघालेले पाणी बंद नळातून जवळपास तेवढ्याच उंचीवर पुन्हा चढते. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत, हे कळल्यावर तर सगळे त्या छताकडे बघत राहिले.

जात्याजवळ अम्मी थांबल्या. पहाटे दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा कशा ओढायच्या, ते त्यांनी हातवारे करून दाखवले. इतक्या वर्षांत घरात हे त्यांना कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

तिथून मकबरा जवळच आहे. बादशहा औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, म्हणजेच राबिया-उद-दौरानी, 1657 मध्ये वारली; तिची ही कबर. संगमरवर कुठे संपतो ते मुलांना बोट न लावता, नुसत्या नजरेने शोधायला सांगावे. खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, मग घुमटाच्या बुडापर्यंत आपल्याकडचा काळा दगड, त्यावर घोटून चकचकीत केलेला गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी मला तरी दगडावरच्या कामापेक्षा जास्त आवडते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी खालच्या पायऱ्या उतरण्याची गरज नाही. कबर वरूनही जाळीच्या कठड्यापलीकडे दिसते.

पण आमचा सर्वांत जास्त वेळ गेला तो मुख्य प्रवेशद्वारापाशी. तिथल्या दारावरच्या लेखात दोन नावे आहेत: स्थापती अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. अताउल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, आणि ताजमहालाचे स्थापती म्हणून लाहोरींचेच नाव घेतले जाते. मकबऱ्याला ‘नक्कल’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे नाते लक्षात घ्यावे. बापाचे काम डोळ्यांपुढे ठेवून मुलाने कमी पैशांत, दख्खनच्या दगडात घर बांधावे, तसे हे आहे.

आमची पाचही मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात उर्दू बोलतात, पण अक्षर ओळखत नाहीत. मी शाळेत परक्या मुलांना उर्दू शिकवते आणि माझीच मुले त्या दारापुढे कोरी उभी. अब्बांनी खिशातले पेन काढले, तिकिटाच्या मागे नाव लिहिले आणि एकेक अक्षर म्हणून घेतले: ऐन, तोय, अलिफ. धाकट्याने ऐन तीनदा गिरवला, तिसरा जरा बरा आला. मग त्यानेच दुसरे नाव मागितले. हंसपतराय लिहिताना ‘हे’ मोठी की छोटी, यावर परतीच्या रिक्षात भावंडांची जुंपली. अब्बांनी छोटी सांगितली.