संगणकातील दप्तर आणि सुटी डिस्क

ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही किंवा शाळेचे जनरल रजिस्टर ही केवळ कार्यालयाची मालमत्ता नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मनुष्य जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येतो. घराची नोंद कोणाच्या नावे आहे यावरून दोन भावांत वाद उभा राहतो. पाणीपुरवठा योजनेच्या खर्चाचा तपशील ग्रामसभेत विचारला जातो. अशा प्रत्येक प्रसंगी दप्तरातील नोंद हाच पुरावा ठरतो. ती नोंद नाहीशी झाली तर नुकसान कार्यालयापेक्षा नागरिकाचे अधिक होते.

गेल्या दोन दशकांत या दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. त्यांतील काही माहिती शासनाच्या मध्यवर्ती प्रणालींत नोंदविली जाते. ग्रामपंचायतींच्या लेख्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेले ‘ई-ग्रामस्वराज’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. परंतु ठरावांचे मसुदे, पत्रव्यवहार, निकालपत्रके, कामांची छायाचित्रे, मोजमापांचे तक्ते, जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने अशा असंख्य फाइली, म्हणजेच धारिका, बहुधा टेबलावरील एकाच संगणकात असतात. त्यांची दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारी अर्थातच त्या त्या कार्यालयाची असते. यासाठी सर्वांत सुलभ आणि अल्पखर्चाचे साधन म्हणजे संगणकाला जोडता व काढता येणारी सुटी डिस्क. मात्र तिचा उपयोग कसा करावा याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात.

हानीचे मार्ग

संगणकातील माहिती नष्ट होण्याची कारणे स्थूलमानाने चार प्रकारची आहेत. पहिले कारण यंत्राचा बिघाड. संगणकाची अंतर्गत डिस्क कधीतरी बंद पडणारच. प्रश्न असतो तो केवळ केव्हा, इतकाच. दुसरे कारण मनुष्याची चूक. नको असलेल्या धारिका पुसताना हवी असलेली धारिका पुसली जाते, किंवा जुन्या तक्त्यावर नवा तक्ता साठविला जातो. तिसरे कारण आग, पूर आणि चोरी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि अनेक विभागांची कागदपत्रे भस्मसात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे पुराचे पाणी वस्तीत व बाजारपेठांत शिरले. अशा पाण्यापुढे कागद आणि संगणक यांत भेद राहत नाही.

चौथे कारण अलीकडचे आहे. संगणकात शिरून सर्व धारिका कुलूपबंद करणारी आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागणारी घातक प्रणाली, म्हणजे ‘रॅन्समवेअर’. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशा प्रणालीने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक व्यवस्थेवर अशा स्वरूपाचा हल्ला झाला, तेव्हा रुग्णनोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णालयाची माहिती परत मिळविण्यात आल्याचे शासनाने नंतर संसदेत सांगितले. राखीव प्रत शाबूत होती म्हणूनच हे शक्य झाले.

सुट्या डिस्कची वाटचाल

माहिती यंत्रापासून वेगळी करून कपाटात ठेवावी ही कल्पना जुनीच आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवण यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. त्या तबकड्या यंत्रातून काढता येत नसत. १९६२ मध्ये याच कंपनीने काढता-घालता येणारा सहा तबकड्यांचा संच आणला. त्यात वीस लाख अक्षरे मावत आणि त्याचे वजन सुमारे साडेचार किलो होते. १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आली. पुढे सर्वत्र रुळलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी इतकी माहिती राहत असे. २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आला आणि फ्लॉपीचे युग संपले.

आज तळहातावर मावणाऱ्या सुट्या डिस्कमध्ये एक टेराबाइट किंवा त्याहून अधिक माहिती राहते. स्कॅन केलेल्या एका पानास अर्धा एमबी जागा लागते असे धरल्यास एका टेराबाइटमध्ये सुमारे वीस लाख पाने मावतात. एखाद्या ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे सारे दप्तर सामावूनही अशी डिस्क बरीचशी रिकामीच राहील.

साधनांची निवड

सुट्या डिस्क दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही अत्यंत कमी अंतरावर तरंगत असते. यास्तव चालू स्थितीत तिला धक्का लागल्यास किंवा ती खाली पडल्यास तबकडीवर ओरखडा उठून माहिती कायमची जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एसएसडीमध्ये, फिरणारा भाग नसतो. माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहते. ही डिस्क वेगवान असून धक्का सोसते. परंतु वीजप्रवाहाविना दीर्घकाळ, विशेषतः उष्ण जागी पडून राहिल्यास तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. म्हणून दर आठवड्यास हाताळावयाच्या प्रतीसाठी दोन्ही प्रकार चालतात. वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या प्रतीसाठी मात्र हार्ड डिस्क अधिक योग्य होय. पेन ड्राइव्ह हे माहिती इकडून तिकडे नेण्याचे साधन आहे. त्यावर दप्तराची भिस्त ठेवू नये.

एक प्रत, एक जागा : कोरियाचा धडा

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी किमान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

यांतील शेवटची अट किती मोलाची आहे हे दक्षिण कोरियाच्या अनुभवाने जगाला दाखविले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील शासकीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या धारिका साठविणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही व्यवस्था त्या आगीत जळाली. तिच्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती. साठा अवाढव्य असल्याने त्याची प्रत अन्यत्र ठेवण्यात आली नव्हती. ज्या मंत्रालयाने सर्व काम केवळ याच व्यवस्थेत साठविण्याचा दंडक घातला होता, त्याचे नुकसान सर्वाधिक झाले. स्वतःच्या संगणकावर, ई-मेलमध्ये आणि छापील कागदांत जे सापडेल त्यावरून धारिका पुन्हा उभ्या करण्याची वेळ कर्मचाऱ्यांवर आली. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशात हे घडले. उणीव यंत्रसामग्रीची नव्हती, दुसऱ्या जागेची होती.

‘आमची माहिती इंटरनेटवर आपोआप साठते’ असे उत्तर अनेकदा ऐकावयास मिळते. अशी सेवा उपयुक्त आहे. परंतु आपोआप जुळवून घेणे आणि राखीव प्रत ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. संगणकातील धारिका पुसली गेली की तो बदल अशा सेवेतही उमटतो आणि ठरावीक मुदतीनंतर जुनी धारिका परत मिळत नाही. म्हणून ही सेवा तीन प्रतींपैकी एक समजावी, तिन्हींचा पर्याय समजू नये.

डिस्क काढून ठेवणे आवश्यक

सुट्या डिस्कचे खरे सामर्थ्य ती सुटी असण्यातच आहे. ती कायम संगणकाला जोडून ठेवल्यास घातक प्रणाली संगणकाबरोबर डिस्कवरील धारिकाही कुलूपबंद करते, विजेचा तडाखा दोहोंना एकदमच बसतो आणि चोर दोन्ही वस्तू एकत्र उचलून नेतो. तीच डिस्क त्याच खोलीतील लोखंडी कपाटात ठेवल्यास विजेपासून बचाव होईल, परंतु आग आणि पूर यांपासून होणार नाही.

यास्तव दोन डिस्कची पाळी ठेवणे श्रेयस्कर. एकीवर ‘अ’ व दुसरीवर ‘ब’ अशी चिठ्ठी लावावी. शुक्रवारी कामकाज संपल्यावर ‘अ’ डिस्क जोडून प्रत घ्यावी, ती काढावी आणि ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी पाठवावी. त्याच वेळी तेथील ‘ब’ डिस्क परत आणावी व पुढील शुक्रवारी तिच्यावर प्रत घ्यावी. पोहोचविणाराने नवी डिस्क तेथे ठेवल्यानंतरच जुनी उचलावी, म्हणजे एक डिस्क सदैव कार्यालयाबाहेर राहील. ग्रामपंचायतीस पंचायत समितीचे कार्यालय, शाळेस केंद्रशाळा असे ठिकाण वरिष्ठांच्या लेखी संमतीने ठरविता येईल. पूरप्रवण गावांनी हे ठिकाण उंचावरचे निवडावे. कोकणासारख्या दमट हवेत डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी.

प्रत घेण्याची रीत

प्रथम कामाच्या सर्व धारिका एका मुख्य फोल्डरमध्ये वर्षवार व विषयवार लावाव्यात. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘अंतिम’ अशी नावे टाळून नावातच दिनांक घालावा. पहिल्या वेळी संपूर्ण प्रत घ्यावी. त्यानंतर केवळ बदललेल्या व नव्या धारिकांची प्रत पुरते. विंडोज प्रणालीत २०१२ पासून असलेली ‘फाइल हिस्टरी’ ही सोय धारिकेची मागील रूपेही जपून ठेवते, त्यामुळे चुकून बदललेला तक्ता पूर्वीच्या स्थितीत मिळविता येतो. काम संपल्यावर डिस्क एकदम ओढून न काढता ‘सेफली रिमूव्ह’ ही आज्ञा द्यावी. अन्यथा अखेरची नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो.

मराठी दप्तराच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या धारिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात. अशी प्रत असून नसल्यासारखीच होय. म्हणून महत्त्वाच्या जुन्या धारिका युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात किंवा त्यांची पीडीएफ करून तीही डिस्कवर ठेवावी.

परत आणून पाहणे

प्रत घेतली म्हणजे काम संपले असे मानणे घातक ठरते. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतांश भाग पुसला गेला. राखीव प्रती काढून पाहिल्या असता त्या सदोष असल्याचे आढळले. चित्रपटाच्या पर्यवेक्षी तंत्रसंचालक गॅलिन सुसमन या अपत्यजन्मामुळे घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे काम वाचले. दूरच्या प्रतीचे मोल या प्रसंगातून जितके दिसते, तितकेच न तपासलेल्या प्रतीचे वैयर्थ्यही दिसते.

त्यामुळे महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच धारिका उघडून पाहाव्यात. वर्षातून एकदा एक संपूर्ण फोल्डर परत आणून मूळ फोल्डरशी ताडून पाहावा. डिस्कमधून खरखर ऐकू येऊ लागल्यास किंवा ती वारंवार दिसेनाशी होऊ लागल्यास दुरुस्तीची वाट न पाहता ती ताबडतोब बदलावी.

गोपनीयता आणि जबाबदारी

विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, लाभार्थ्यांचे बँक तपशील ज्या डिस्कवर आहेत ती हरवणे म्हणजे अनेकांची खाजगी माहिती उघड्यावर पडणे होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाचे दायित्व टाकले आहे. ‘बिटलॉकर’सारख्या सोयीने संपूर्ण डिस्क संकेतबद्ध करता येते. मात्र तिचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे असावा; तो हरवल्यास धारिका कोणालाच उघडता येणार नाहीत. निकामी झालेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्या तबकड्या किंवा चिप फोडून निरुपयोगी कराव्यात.

अखेरीस, हे काम एखाद्या हौशी शिक्षकाच्या किंवा संगणक चालकाच्या उत्साहावर सोपवून चालणार नाही. व्यक्ती बदलली की उत्साहही जातो. कोणत्या पदाच्या कर्मचाऱ्याने कोणत्या वारी प्रत घ्यावी, ती कोणी पोहोचवावी आणि कोणी तपासावी हे कार्यालयीन आदेशाने ठरवून द्यावे. त्यासाठी एक छोटी नोंदवही पुरे. दिनांक, डिस्कचे अक्षर, ठिकाण, तपासणीचा निष्कर्ष व स्वाक्षरी एवढेच तिचे रकाने. रोकड वहीप्रमाणे ही वहीही तपासणीच्या वेळी मागितली जाऊ लागली, तर दोन डिस्क आणि आठवड्यातील अर्धा तास एवढ्या खर्चात गावाचा पुरावा सुरक्षित राहील.