पावती नसलेलं उत्पन्न

लेखमाला : फीची तजवीज – भाग ४

बारावीचा निकाल लागला की सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दाखल्याच्या अर्जाला उत्पन्नाचा पुरावा. नोकरदाराचा मुलगा वडिलांचा फॉर्म १६ पुढे करतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराच्या मुलीनं काय पुढे करायचं? पुण्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलानं काय दाखवायचं? त्यांच्या घरी पैसा येतो तो रोखीनं, आणि तो आल्याची नोंद कुठेच नसते.

अशा घरांत दोन गैरसमज फार पक्के असतात. कागद नाही, म्हणजे दाखला मिळणार नाही, हा पहिला. आयकर भरत नाही, म्हणजे उत्पन्न शून्य लिहायचं, हा दुसरा.

दाखला तहसीलदार देतात. पगारदारानं फॉर्म १६ जोडायचा, निवृत्तिवेतन घेणाऱ्यानं बँकेचं प्रमाणपत्र, जमीन असलेल्यानं सातबारा आणि आठ-अ. यातलं काहीच नसेल, तर तलाठ्याचा चौकशी अहवाल हाच आधार. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे.) घरात कमावते किती, काम कोणतं, वर्षातून किती महिने, हे तिथे पाहिलं जातं. सोबत अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र लागतं. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून आणायची गरज राहिलेली नाही.

म्हणून कागदापेक्षा महत्त्वाचा ठरतो तो हिशेब. समजा, आईला चार घरांतून महिन्याला १०,००० रुपये मिळतात. वर्षाचे झाले १,२०,०००. वडील रंगकाम करतात, ७०० रुपये रोजानं महिन्यातून साधारण १५ दिवस, आणि पावसाळ्याचे दोन महिने काम नाही, त्यांचे १,०५,०००. कुटुंबाचं उत्पन्न २,२५,००० रुपये. असा आकडा चौकशीत टिकतो. ‘शून्य’ टिकत नाही, कारण मग घर चालतं कशावर, हा प्रश्न येतोच. शिवाय खोटी घोषणा हा गुन्हा आहे.

आणि खरा आकडा सांगून बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख रुपये आहे, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची ८ लाख. वरचं कुटुंब दोन्हींत बसतं.

ऊसतोड कुटुंबांचा हिशेब मात्र वेगळा. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल अनेकजण उत्पन्न म्हणून सांगतात. उचल ही आगाऊ रक्कम. ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटते. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. वर्षभरात तोडीची मजुरी किती झाली, ते उत्पन्न. त्यात गावाकडच्या कोरडवाहू एकराचं पीकही धरायचं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसला, तरी दाखल्यात ते मोजलं जातं. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याकडे निघतं, त्यामुळे तलाठ्याची चौकशी त्याआधीच उरकलेली बरी.

अर्ज दिल्यावर पोचपावती मागून घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली हा दाखला १५ दिवसांत मिळणं हा अर्जदाराचा हक्क आहे. उशीर झाला किंवा अर्ज फेटाळला, तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोचपावती नसेल, तर हे १५ दिवस मोजायचे कुठून?

काही मदत तर उत्पन्नाऐवजी कामाच्या दिवसांवर मिळते. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून घेता येतं. नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलांना पदवी शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपये, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीयसाठी १ लाख रुपये मिळतात. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी आईसुद्धा या नोंदणीला पात्र आहे. अनेक घरांत तिची नोंदणी करायचं कुणाच्या मनातच येत नाही.

पुढील भागात : पालकांकडे आयकर विवरणपत्र नसताना शैक्षणिक कर्ज कसं मागायचं?