आदिवासी भूमीवरील रस्ते आणि कागदावरचा निधी

अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने, संघराज्याची वने आणि आदिवासी जमातींची भूमी येथील मोठे रस्ते व पूल यांकरिता 2015 च्या 'फास्ट' कायद्याने एक स्वतंत्र निधी-योजना निर्माण केली. दरवर्षी 10 कोटी डॉलर, असे कायद्यात नमूद होते. परंतु ही केवळ परवानगी होय. तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, विनियोजन केल्याखेरीज तिजोरीतून एक डॉलरही निघत नाही. पहिली रक्कम, 30 कोटी डॉलर, 2018 मध्ये मिळाली.

खरी अडचण अटींत होती. प्रकल्पाचा खर्च किमान 2.5 कोटी डॉलर हवा आणि योजनेचा वाटा कमाल 90 टक्के. म्हणजे सर्वांत लहान पात्र प्रकल्पासाठीही जमातीने 25 लाख डॉलर अन्यत्र उभे करावयाचे! शिवाय पैसा फक्त बांधकामासाठी. पर्यावरणीय परीक्षण आधीच पूर्ण झालेले हवे. ज्या जमातीकडे स्वतःचा अभियंता नाही, तिने अर्जापर्यंत पोहोचावे कसे?

2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने किमान खर्च 1.25 कोटींवर आणला, निम्मा निधी जमातींसाठी राखला आणि त्यांच्या प्रकल्पांना पूर्ण 100 टक्के साहाय्य अनुज्ञेय केले. 2022 ते 2026 या वित्तीय वर्षांसाठी दरसाल 5.5 कोटी डॉलर महामार्ग न्यासनिधीतून ठेवले गेले. तेवढ्यापुरती स्वतंत्र विनियोजनाची प्रतीक्षा टळली. बांधकामापूर्वीच्या आराखड्याचा व परीक्षणाचा खर्च मात्र योजनेबाहेरच राहिला.