हृदयाचा पडदा फाटल्यावर शस्त्रक्रिया केव्हा?

हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळालेला स्नायू मरतो, मऊ पडतो आणि क्वचित पुढच्या काही दिवसांत फाटतो. बाहेरची भिंत फाटली तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचून हृदय दाबले जाते. तिथे तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला तर मात्र निर्णय कठीण होतो. मेलेला स्नायू ओल्या कागदासारखा असतो, टाका धरत नाही. काही आठवड्यांनी भोकाच्या कडा घट्ट होतात.

अमेरिकेत १९९९ ते २०१० या काळात हा पडदा शिवलेल्या २,८७६ रुग्णांच्या नोंदींत, अटॅकनंतर सात दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांपैकी १८ टक्के. मग सर्वांनाच थांबवावे का? माझ्या मते नाही. वाट पाहतानाच जे गेले, ते या नोंदींत आलेच नाहीत. उशिराचा गट मुळात तग धरलेल्यांचा होता. आणि शस्त्रक्रियेविना बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. रक्तदाब, लघवी, यकृत ठीक असेल तर थांबणे शहाणपणाचे. ते ढासळू लागले तर दिवस मोजणे घातक. एक्मो (हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणारे यंत्र) किंवा महाधमनीतला फुग्याचा पंप थोडा अवधी मिळवून देतो. यंत्रांनी रक्तस्राव, जंतुसंसर्ग होतो, हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच थांबण्यालाही मुदत हवी. काही निवडक रुग्णांत कॅथेटरमधून छत्रीसारखे उपकरण बसवून भोक बुजवता येते, पण ताज्या, मोठ्या भोकात ते नीट बसत नाही.