गंगी रात्री घोरते तेव्हा



आमच्या मिडलंड्समधल्या घरामागे एक खुराडं आहे हे मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण दिवाळीच्या कार्यक्रमाला मी फराळाच्या डब्याबरोबर अंड्यांचे खोकेही घेऊन येते. त्यामुळे झालंय काय, की कोंबड्यांबद्दलचे सगळे फोन आता माझ्याकडे येतात. "आमची कोंबडी शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेतेय." "उचलली की पोटातून गुडगुड ऐकू येतं." एका ताईंनी तर विचारलं, "म्हातारी कोंबडी बांग द्यायला लागलीय, अपशकुन तर नाही ना?" मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगते. पण पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

आमच्याकडे तिघी होत्या. गंगी, यमी आणि शांती. तिघीही 'निवृत्त'. म्हणजे असं, की इथल्या मोठ्या फार्मवरच्या कोंबड्या साधारण 72 आठवड्यांच्या झाल्या की अंडी कमी होऊ लागतात आणि त्यांची रवानगी कत्तलखान्यात होते. ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था त्यांतल्या काहींना घरोघरी देते. जेन हॉवर्थ या बाईंनी 2005 साली ती सुरू केली. आमच्या तिघी आल्या तेव्हा निम्म्या अंगावर पिसं नव्हती आणि गवत पाहून घाबरल्या होत्या. महिन्याभरात मात्र अशा माजल्या, की माझी मेथीची वाफी साफ!

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर खुराड्यातून आवाज. घर्र... घर्र... म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साचावा तसा. कान लावून ऐकलं तर गंगी. नवऱ्याने लगेच "बर्ड फ्लू!" म्हणून जाहीर केलं आणि मुलगी रडायला लागली. सकाळी कराडला आईला फोन लावला. तिचं बालपण कोंबड्यांतच गेलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, खाते का ती? मग एवढी घाबरू नको. न खाणारी कोण आहे ते बघ."

तेव्हा मला वाटलं, आई विषय टाळतेय.

आता थोडं शास्त्र. कोंबडीच्या छातीत आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तिची फुप्फुसं फुगत-आकसत नाहीत. त्यांना जोडून पातळ पडद्याच्या हवेच्या पिशव्या अंगभर पसरलेल्या असतात, काही तर हाडांच्या आतही शिरतात, आणि छातीचं हाड खालीवर होतं तसा भाता चालतो. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, कोंबडी धरताना छाती आवळायची नाही, ती गुदमरू शकते. लहान मुलांना हे नक्की सांगा. दुसरी म्हणजे, नळीत किंवा पिशव्यांत जराशी धूळ, चिकटा किंवा पाणी आलं की आवाज होतोच. शिवाय तिचं स्वरयंत्र आपल्यासारखं घशात नसतं. श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, म्हणजे छातीत असतं. म्हणून तिचा साधा आवाजही आतून, पोटातून आल्यासारखा वाटतो.

तेव्हा काळजीचे आवाज ओळखायचे तर आधी बिनकाळजीचे ओळखायला हवेत. उन्हात मातीत लोळताना कोंबडी मांजरासारखी गुरगुरते, ते सुख आहे. अंडं घातल्यावरचा गोंगाट शेजाऱ्यांनाही ठाऊक असतो. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून, जवळ गेलात की फुगते आणि दात नसूनही दात-ओठ खाल्ल्यासारखी घुर्र करते, तोही आजार नाही. धूळ उडाली की दोन-चार शिंका येणारच. आणि बांग देणारी म्हातारी? कोंबडीच्या शरीरात सहसा डावीकडचाच बीजकोश काम करतो. तो वयाने किंवा आजाराने बंद पडला, की नरातले संप्रेरक वाढून तुरा मोठा होतो आणि ती चक्क बांग देऊ लागते. अपशकुन नाही, पण बीजकोशात गाठ असू शकते, म्हणून वजन आणि खाणं यांवर लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून धापा टाकणंही स्वाभाविक आहे. कोंबडीला घाम येत नाही आणि तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या वर असतं. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला पारा 40.3 वर गेला, त्या दिवशी आमच्या तिघी टबातल्या पाण्यात पाय बुडवून उभ्या होत्या. पण गारव्यात, सावलीत, सकाळी सकाळी चोच उघडी असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता गुडगुड. मानेच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला अन्न साठवण्याची पिशवी असते, तिला इथे क्रॉप म्हणतात. पाणी पिऊन आलेली कोंबडी उचललीत तर त्यातून गुडगुड येतेच. नियम सोपा आहे: रात्री झोपताना ही पिशवी भरलेली हवी आणि सकाळी दाणा घालण्यापूर्वी रिकामी. सकाळीही ती कडक गोळ्यासारखी लागली तर लांब गवत किंवा पेंढा अडकला असेल. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागून चोचीला आंबूस वास आला तर आत बुरशी वाढली आहे. अशा वेळी कोंबडीला उलटी धरून पाणी काढायचे सल्ले फार मिळतात. ते करू नका. ते पाणी श्वासनळीत गेलं की कोंबडी हातात मरते. डॉक्टरांकडे न्या.

इथेच आपल्या घरांत होणारी एक चूक सांगून टाकते. उरलेली पोळी, वरण-भात, भाजीची देठं कोंबड्यांना टाकणं आपल्या हाडीमांसी भिनलेलं. इथे तो कायद्याने गुन्हा आहे! 2001 साली खुरकूत रोगाच्या साथीने इथली लाखो जनावरं मारावी लागली. नॉर्थंबरलंडमधल्या ज्या फार्मपासून साथ सुरू झाली असं मानतात, तिथे डुकरांना हॉटेलांतलं खरकटं खायला घालत. त्यानंतर नियम कडक झाले. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना चालत नाही, मग त्या लाडाने पाळलेल्या दोनच असोत. आणि "आम्ही शाकाहारी आहोत" ही सबबही चालत नाही, कारण स्वयंपाकघरात दूध-तूप असतं. घर पूर्ण व्हीगन असेल तरच सूट. बागेतून थेट खुराड्यात टाकलेला पालक चालतो, तोच पालक ओट्यावर चिरून मग टाकला तर चालत नाही. मलाही हे ऐकून हसू आलं होतं, पण नियम तो नियम. तसाही चिकट भात आणि पाव त्या पिशवीला बरा नाहीच.

आता खरी धास्तीची घरघर. सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे हवा. धुळीचा पेंढा, बुरशी लागलेलं गवत, आणि साचलेल्या शिटेतून सुटणारा अमोनिया. खुराड्यात डोकं घालून पाहा. तुमच्या डोळ्यांना झोंबलं तर त्यांच्या छातीला झोंबतंच. दुसरं कारण म्हणजे श्वासनळीतले लाल, बारीक कृमी. गांडुळं खाल्ल्याने ते येऊ शकतात. कोंबडी मान ताणून जांभई दिल्यासारखी चोच उघडत राहते आणि डोकं झटकते. यावर इथे फ्लुबेनव्हेट नावाचं औषध खाद्यात मिसळून सात दिवस देतात. तिसरं मायकोप्लाझ्मा. डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, नाकात पाणी, घरघर. औषधाने आराम पडतो पण जंतू अंगात राहतात, पावसा-थंडीत पुन्हा डोकं वर काढतात, म्हणून अशा कळपात नवी कोंबडी आणू नये. आणि चौथा, संसर्गजन्य ब्राँकायटिस. त्याचा विषाणू कोरोनाच्याच कुळातला, पण माणसाला होत नाही. शिंका थांबल्यावरही अंड्यांची कवचं सुरकुतलेली, वेडीवाकडी येत राहिली तर याचा संशय घ्यावा.

आता मानमोडी. गावाकडे हा शब्द ऐकलेला असेल. आई सांगते, मानमोडी आली की सकाळी खुराडं उघडावं तर निम्म्या कोंबड्या आडव्या, उरलेल्यांच्या माना पिळवटलेल्या, घशात घरघर. अंडी विकून वह्या-पुस्तकं घेणाऱ्या घरात तो मोठाच घाला असे. (1918 च्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत, इतकी त्या शब्दाची दहशत.) पुस्तकात याचं नाव राणीखेत रोग, कारण 1928 साली कुमाऊँमधल्या राणीखेतच्या नावाने त्याची नोंद झाली. गंमत अशी, की हाच रोग त्याआधी, 1926 साली, इथे न्यूकॅसल-अपॉन-टाइनच्या परिसरात आढळला होता. वेब्रिजच्या प्रयोगशाळेतल्या डॉइल यांनी 1927 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि इथे तो न्यूकॅसल डिसीज झाला. म्हणजे आईची मानमोडी आणि माझ्या इंग्रज डॉक्टरांचा न्यूकॅसल एकच! तिकडे त्यासाठी लासोटा लशीचे थेंब घालतात. इथे 2005 साली सरेमधल्या फेझंट पक्ष्यांत आणि 2006 साली स्कॉटलंडच्या ईस्ट लोथियनमध्ये तितरांत तो सापडला होता. संशय जरी आला तरी कळवणं बंधनकारक आहे.

बर्ड फ्लूचंही तसंच. महाराष्ट्राला तो फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने दाखवला, भारतातली ती पहिली साथ. इथे 2021 च्या हिवाळ्यापासून तो फार पसरला आणि 7 नोव्हेंबर 2022 ते 18 एप्रिल 2023 इंग्लंडमधल्या सगळ्या कोंबड्या, आमच्या तिघींसकट, जाळीखाली बंद होत्या. त्याची खूण एकट्या घरघरीची नसते. अचानक मृत्यू, एकापाठोपाठ एक आजारी, डोकं सुजलेलं, तुरा निळा-जांभळा, अंडी एकदम बंद. असं दिसलं तर पक्ष्याला हात लावू नका, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये तर मुळीच नेऊ नका. इंग्लंडमध्ये डेफ्राच्या 03000 200 301 या नंबरवर कळवा. वेल्स आणि स्कॉटलंडचे नंबर वेगळे आहेत, ते आजच शोधून फ्रिजवर लावा. आणि हो, 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये (स्कॉटलंडमध्ये 1 सप्टेंबरपासून) एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. पूर्वी ही सक्ती पन्नास पक्ष्यांपासून होती, त्यामुळे अनेकांना अजून माहीत नाही. नोंदणी फुकट आहे.

तर गंगी. डॉक्टरांनी तिला तपासलं, छाती ऐकली, घसा पाहिला. नाक-डोळे स्वच्छ, वजन चांगलं, खाणं उत्तम. मग त्यांनी विचारलं, "खाली काय अंथरता?" त्याच महिन्यात मी स्वस्त मिळालं म्हणून सुकं गवत अंथरलं होतं. ते काढून धूळ काढलेला लाकडाचा भुसा घातला, वरची खिडकी मोकळी केली. आठवड्याभरात घरघर जवळजवळ गेली. भरल्या पोटी झोपली की थोडं घोरते अजूनही, तो तिचा स्वभावच म्हणायचा.

पण निघताना डॉक्टर म्हणाले, "बाकीच्या दोघींनाही एकदा हातात घेऊन पाहा." घरी आल्यावर शांतीला उचललं, तर पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं हलत होतं. आवाज म्हणून काही नव्हता तिचा. मागे वळून पाहिलं तेव्हा सगळं आठवलं: दोन आठवडे ती दाण्याला शेवटी यायची, पेंग्विनसारखी ताठ उभी राहायची, तुरा फिका पडला होता. आम्ही म्हणायचो, शांत आहे बिचारी. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळ्याला टोचून काढतात. अंड्यातला बलक नळीत न पडता पोटात पडून सडतो, असा हा आजार. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, या फार्मच्या कोंबड्यांकडून तीनशेच्या आसपास घेतात, शरीर कुठवर पुरणार? डॉक्टरांनी पाणी काढलं, औषध दिलं, पण तीन दिवसांनी तिला शांतपणे झोपवावं लागलं. आई फोनवर काही बोलली नाही.

औषध चालू असताना एक विसरू नका. कायद्याच्या दृष्टीने पाळलेली कोंबडीही अन्न देणारं जनावर आहे. डॉक्टरांना "आम्ही अंडी खातो" हे स्वतःहून सांगा, आणि ते सांगतील तितके दिवस अंडी फेकून द्या. मी तेव्हा दिवाळीला अंडी आणली नव्हती, त्याचं कारण हे.

आता दर रविवारी सकाळी, दाणा घालण्यापूर्वी, मुलगी आणि मी दोघींनाही उचलून पाहतो. पिशवी रिकामी आहे का, छातीचं हाड टोचतंय का, पोट मऊ आहे का, तुरा लाल आहे का, नाक कोरडं आहे का. पाच मिनिटांचं काम. रात्रीचा वेगळा आवाज आला तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण दवाखान्यात पोचल्यावर कोंबड्या हमखास गप्प बसतात. गंगीचं घोरणं माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं आहे. कुणाला ताडून पाहायचं असेल तर पुढच्या कार्यक्रमाला माझ्याकडून ऐका.