उलाळ विमान

दिवाळीनंतर मुळशीतली भातकापणी आटोपली, की पौडपासून ताम्हिणीच्या अलीकडपर्यंत खाचरं मोकळी होतात. मॉडेल विमानाच्या पहिल्या उड्डाणाला असं खाचर उत्तम. विमान आपटलं तरी खाली मऊ धसकटं असतात. भीती असते ती बांधांची. शेताच्या मालकाला आधी विचारावं आणि सकाळी लवकर जावं, कारण ऊन तापलं की घाटमाथ्यावरचा वारा कसा वळेल याचा नेम नसतो.

पण पहिलं उड्डाण यशस्वी होणार की नाही, हे शेतात पोचण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. मागं जादा ओझं भरलेली बैलगाडी उलाळ होते, तसं शेपटीत जड झालेलं विमान हातातून सुटताच नाक वर काढतं, वेग गमावतं आणि कोसळतं. नाकाकडे थोडं जड असलेलं विमान सुस्त उडेल, उतरताना जास्त वेग मागेल, पण ताब्यात राहील. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती नाकाच्या बाजूला व्हावी.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्के अंतरावर ठेवतात. साध्या आयताकृती पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर खूण ५ ते ६ सेंटिमीटरवर येते. सुरुवात ५ वरून करावी. बॅटरी बसवून, उड्डाणाला अगदी तयार असलेलं विमान त्या खुणेवर दोन बोटांच्या टोकांवर तोलायचं. नाक किंचित झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली, तर आधी बॅटरी पुढं सरकवावी. शिशाचा तुकडा हा शेवटचा उपाय. तोलबिंदूपासून ६० सेंटिमीटर मागं शेपटीवर नुसत्या १० ग्रॅमचा जादा गोंद आणि टेप चढला, तर २० सेंटिमीटर पुढच्या नाकात ३० ग्रॅम भरावे लागतात. सनपॅक शीटची (पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याची) शेपटी चिकटवताना हात आखडता घ्यावा तो यासाठी.

हे गणित फार जुनं आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फाँस पेनो याचं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. त्यात चालक नव्हता, रिमोट नव्हता. पंखांची टोकं वर उचललेली, शेपटी पंखापेक्षा कमी कोनात बसवलेली, आणि वजन नेमक्या जागी. सगळी स्थिरता रचनेतच होती.

आजच्या हौशी मंडळींची गडबड रिमोटवरच्या ट्रिमच्या, म्हणजे बारीक जुळवणीच्या, बटणांनी होते. शेपटीजड विमान वर उसळतं. मग शेपटीवरचा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) खाली ट्रिम केला जातो, विमान सरळ जातं आणि सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या मते ही फसवणूक आहे. ट्रिमनं विमान कोणत्या वेगाला समतोल राहील एवढंच बदलतं. झुळूक लागल्यावर ते स्वतःहून सावरणार की आणखी बिघडणार, हे गुरुत्वमध्यावर ठरतं. खरी परीक्षा उंचीवर घ्यावी. मोटर बंद करून विमानाला तिरका सूर मारायला लावायचा आणि स्टिक सोडायची. हळूहळू सावरलं तर ठीक. झटक्यात वर उसळलं, तर नाक जास्त जड आहे. सूर आणखी खोल होत गेला, तर शेपटी जड आहे. लगेच स्टिक ओढून विमान खाली आणावं आणि बॅटरी पुढं घ्यावी.

मोटर चालू केल्यावरच विमान डावीकडे ओढत असेल, तर ट्रिमला हात लावू नये. मागून पाहता मोटरवरचा पंखा उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. मोटरच दोनतीन अंश उजवीकडे आणि तेवढीच खाली रोखून बसवतात.

मुळशीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा हवा पाचसहा टक्के विरळ. अलिबागच्या वाळूवर आरामात उतरणारं विमान इथं थोडं वेगात उतरवावं लागतं.

२०२१ च्या ड्रोन नियमावलीत मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते आधी बघावं; तिथं ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. तालुक्याच्या पूर्वेला खडकवासल्याची एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे, तेव्हा अंदाजावर जाऊ नये.

सगळं जमलं, की रिमोटवरचं ट्रिम शून्यावर आणून तेवढा फरक सर्व्होच्या (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) तारेची लांबी बदलून काढावा. बॅटरी जिथं बसली तिथं मार्करनं रेघ मारावी. पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतली, तर तिचं वजन वेगळं असणार, आणि विमान पुन्हा बोटांवर तोलावं लागणार.